लोधिवलीच्या पडवीतला फुरबू

लोधिवली, ता. खालापूर
१८ नोव्हेंबर १९८२

चि. यांगू,

आबाजीकाकाचा आशीर्वाद घे, आणि आदी मला सांग, तुमी हायत कुठं? दिवाळी झाली. कापणी उरकत आली. येसूबाईनं पडवी सारवून तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय, आणि त्यात आमची कुत्री पिलं घालून बसलीय. आठ वर्षं झाली, दिवाळी सरली की तू आणि तुझी अमाला स्वेटरची गठुडी घेऊन भंडाऱ्याहून येता. कधी चौकच्या नाक्यावर, कधी कर्जतच्या बाजारात, आयतवारी माथेरानला बसता. औंदा माझ्या टेंपोत गवताच्या भाऱ्यांशिवाय कुणी बसायला नाय. लोक विचारतात, आबाजी, तुझी तिबेटी मंडळी कुठं गेली?

पहिल्या वर्षी मी तुमाला तिबेटी म्हणत नव्हतो, ते तुला ठावं हाय. मी बासष्टच्या लढाईतला गडी. तुमचा तोंडवळा बघितला आणि नाक्यावर वरडलो, चिन्यांनी इथं दुकान मांडायचं नाय. तुझी आई एवढीशी, पण उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हम चीनी नहीं. चीनी हमारे घर में बैठा है, इसलिए हम तुम्हारे रस्ते पे बैठा है." सगळा नाका हसला. मी सोता टेंपोत गठुडी टाकून तुमाला घरी आणलं.

तवा कळव लवकर. अमालाची तब्येत बरी हाय ना? येसूबाई म्हणते, तिच्या हातचा तो खारट चहा प्यायला नको असतो, पण तिच्याबिगर करमत नाय.

तुजा,
आबाजीकाका

०

तिबेटी वसाहत, गोठणगाव, जि. भंडारा
२ डिसेंबर १९८२

ती. आबाजीकाका आणि येसूकाकू,

तुम्हा दोघांना माझा नमस्कार. अमालाची प्रकृती चांगली आहे. या वर्षी आम्ही स्वेटर घेतलेच नाहीत, कारण आम्ही दिल्लीला गेलो होतो. का गेलो ते सांगते. ही गोष्ट आम्ही आठ वर्षांत तुमच्याकडे कधी काढली नव्हती.

मला एक मोठा भाऊ आहे. त्याचं नाव फुरबू. तो आठ वर्षांचा असताना गावातली हुशार मुलं निवडून दूर चीनमधल्या शाळेत नेली, त्यात त्यालाही नेलं. दोन वर्षांनी तिकडे धामधूम झाली आणि अमाला मला पाठीला बांधून डोंगर ओलांडून भारतात आली. मी तेव्हा रांगत होते. फुरबूचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. अमाला दर वर्षी त्याच्या नावाने दिवा लावायची, पण तो दिवा जिवंत माणसासाठी आहे की गेलेल्यासाठी हे आम्ही तिला कधी विचारलं नाही.

या वर्षी बुद्धगयेला आमच्या गावचा एक माणूस भेटला. तो म्हणाला, फुरबू ल्हासाला आहे, ट्रक चालवतो, त्याला बायको आणि एक मुलगी आहे. अमाला तिथेच खाली बसली आणि इतकी हसली, की लोक जमा झाले.

आता तिकडच्या नातेवाइकांना भेटायला परवानगी मिळते. ती मागायला आम्ही दिल्लीला चिनी वकिलातीत गेलो. तिथल्या माणसाने आमच्याशी आमच्याच भाषेत गोड बोलून चहा दिला. मग म्हणाला, एवढंच लिहून द्या, की तुम्ही परदेशात राहणारे चिनी आहात. अमालाने पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "अहो, नुसता एक शब्द आहे." अमाला म्हणाली, "नुसता शब्दच आहे, तर तुम्हीच का सोडत नाही?" आणि ती उठली. चहासुद्धा संपवला नाही.

काका, खरं सांगू? तिच्या जागी मी असते तर लिहून दिलं असतं. परत येताना गाडीत मी तसं म्हणाले, तर नागपूरपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तुम्ही काय केलं असतं?

तुमची,
यांगचेन

०

लोधिवली
१४ डिसेंबर १९८२

चि. यांगू,

तुजं पत्र मी चौकला हाटेलात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शाब्बास अमाला. असं पायजे. पेन खाली ठेवलं म्हंजे बंदूक खांद्यावर घेतल्यावाणी झालं. मी आनंदानं पावशेर पेढे वाटले.

ते पेढे घेऊन घरी आलो, तर येसूबाई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, ती समोर बसून लिहवून घेतेय. "आईला पंचवीस वर्सांनी पोरगा भेटणार व्हता, तो भेटला नाय, आणि ह्यो बाबा पेढे वाटतो. अमालाला सांग, मी असते तर चिनी काय, जपानी लिवलं असतं, पोराला पोटाशी धरलं असतं, आणि परत आल्यावर गंगेत आंघोळ केली असती."

मी म्हणालो, तुला देशाचं कळत नाय. ती म्हणाली, तुला पोराचं कळत नाय. यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. मला भाकर मिळाली, पण सोबत कालवण नव्हतं.

तू तुज्या आईशी भांडू नको. आणि तू लिहून दिलं असतंस म्हणून सोताला कमी समजू नको. तू तेवढा डोंगर पायानं चढली नायस, पाठीवरनं आलीस. तुमी दोघी इचार करा. आमी हितं हायच.

तुजा,
आबाजीकाका

०

गोठणगाव
२० ऑक्टोबर १९८३

ती. आबाजीकाका आणि येसूकाकू,

बरेच महिने पत्र नाही, रागावला असाल. पण बातमी तशीच मोठी आहे. अमालाला तिकडे जायची परवानगी मिळाली नाही, तर बुद्धगयेच्या त्या माणसाकडून आमचा निरोप मिळाल्यावर फुरबूनेच तिकडून नेपाळात यायची परवानगी मिळवली. अमाला काठमांडूला जाऊन त्याला इकडे घेऊन आली. तो आता आमच्या घरी आहे. बायको आणि मुलगी तिकडेच आहेत, म्हणून त्याला फेब्रुवारी संपायच्या आत परतायचं आहे.

अमाला म्हणते, या हिवाळ्यात फुरबूला घेऊन तुमच्याकडे यायचं. मला मात्र येता येणार नाही. मला वसाहतीच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची नोकरी लागली आहे, आणि मी ती पहिल्याच वर्षी सोडून आले तर मुलं मोकाट सुटतील. तेव्हा दोघांना सांभाळून घ्या.

फुरबू स्वभावाने चांगला आहे. फक्त जरा वेगळा आहे.

तुमची,
यांगचेन

०

लोधिवली
२१ नोव्हेंबर १९८३

चि. यांगू,

"जरा वेगळा आहे" असं लिहायला तुला काय वाटलं गं? मी चौकच्या नाक्यावर यस्टीतनं अमालाला उतरवून घ्यायला गेलो, तर तिच्या मागनं निळी टोपी, निळा कोट, गळ्यापोतर बटनं. अशी टोपी मी ज्या माणसांच्या डोक्यावर बघितली होती त्यांच्या हातात बंदुका होत्या. तुला कळवायला काय झालं होतं?

आता माजं पण ऐक. मी बासष्टला लढलो एवढंच सगळ्यांना ठावं हाय. लढलो दीड दिवस. मंग आमची गाडी दरीत गेली, आमी पकडले गेलो, आणि तो सबंध हिवाळा मी तिबेटात कैदेत काढला. हे येसूबाईला ठावं हाय आणि आता तुला. लढलेल्याला लोक चहा पाजतात, पकडलेल्याला कोण पाजणार?

तवा तिथली चार अक्षरं माज्या डोक्यात अजून अडकून हायत. घरी आल्यावर येसूबाईनं ताटं मांडली. तुजा भाऊ पडवीच्या खांबाला टेकून उभा. आणि माज्या तोंडातनं आपसूक निघालं, "चफान." म्हंजे जेवायला चला. त्या पोराचे डोळे एवढे झाले. मंग तो सुटलाच, चिनी भाषेत फडफड फडफड. मला एक अक्षर कळलं नाय. पण अमालाचं तोंड उतरलं. पोटच्या पोराच्या तोंडी ती भाषा, आणि ती पण माज्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी मी इचारलं, फुरबू, तू कोण? अमाला त्याला तुमच्या भाषेत इचारून मला हिंदीत सांगत होती, तो अडखळत बोलत होता. म्हणाला, चीनमदे छप्पन्न जाती हायत, छप्पन्न भाऊ, एकच कुटुंब, तिबेटी त्यातला एक भाऊ. थोरल्या भावानं धाकट्याला सुधारलं. अमालानं अर्धं सांगितलं आणि मदेच थांबली. म्हणाली, "आबाजी, आगे का मैं नहीं बोलेगी." उठून कुत्रीच्या पिलांना भात घालायला गेली. रात्री तो जेवला नाय, ती पण जेवली नाय. येसूबाई म्हणते, दोघांचं नाक एकच हाय, रागानं फुगतं तवा तर डिट्टो.

मी काय करावं? तूच सांग.

आबाजीकाका

०

गोठणगाव
५ डिसेंबर १९८३

ती. आबाजीकाका,

मला माफ करा. मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही "या" म्हणाला असता का, याची मला खात्री नव्हती. आणि त्याला इथून लवकर हलवायला हवं होतं.

इथे काय झालं ते सांगते. तो आला त्या दिवशी सगळी वसाहत दूध-साखर घेऊन आली. आठ दिवसांत तेच लोक त्याला चिनी म्हणू लागले. त्याचा कोट, त्याचं चिनी मिसळून बोलणं, आणि ते छप्पन्न भाऊ. माझ्याच वर्गातल्या पोरांनी त्याच्या मागे "चिनी, चिनी" म्हणत खडे मारले. मी त्यांना ओळीने उभं केलं, पण कोणत्या तोंडाने रागावू? मलाही तो परका वाटत होता.

एका संध्याकाळी तलावावर तो एकटा बसला होता. मी जवळ गेले. आमची दोघांची भाषा म्हणजे लहान मुलांची भाषा, कारण तो तिकडे घरीदारी चिनीच बोलतो, तिबेटी त्याला आठ वर्षांच्या मुलाएवढीच येते. तो म्हणाला, "शाळेत पहिल्या दिवशी माझं नाव बदललं. ली वेइमिन. आपली भाषा बोललो की जेवण बंद. मग मी सगळ्यात चांगला चिनी बोलू लागलो. तरी तिथले ड्रायव्हर मला तिबेटी म्हणतात. मागासलेला म्हणतात. इथे मी माझ्या आईच्या गावात आलो, तर इथे मी चिनी." मग म्हणाला, "ते छप्पन्न भाऊ मी सांगतो, कारण त्यात निदान माझा नंबर आहे."

काका, तुम्ही कैदेत होता हे वाचून मी पत्र ट्रंकेत तळाशी ठेवलं. मी ते कुणाला सांगणार नाही. पण फुरबूला तुम्ही सांगा. आणि त्याला फेब्रुवारीपर्यंत ठेवून घ्या.

तुमची,
यांगचेन

०

लोधिवली
२२ जानेवारी १९८४

चि. यांगू,

तुज्या भावानं माजा टेंपो दुरुस्त केला. मागल्या म्हैन्यात गवत भरून निघालो आणि गाडी हलंना. पनवेलचा मिस्त्री म्हणाला चार दिवस लागतील. फुरबू कोट काढून खाली घुसला, दुपारपोतर काळा होऊन बाहेर आला, आणि गाडी चालू. त्याला म्हणालो, चालव. गावच्या रस्त्यावर त्यानं अशी चालवली की भाऱ्यातली काडी हलली नाय. उतरल्यावर हसला. पैल्यांदा हसला. तवापासनं तो निळा कोट खुंटीला हाय, आणि फुरबू माज्या जुन्या लष्करी जर्सीत. म्हंजे आता त्याला बघून कुणी घाबरायचं तर चिन्यांनी घाबरावं.

मी त्याला कैदेचं सांगितलं. म्हणालो, आमाला पण रोज बसवायचे आणि हिंदीत भाषण द्यायचे. हिंदुस्थानी शेतकरी आणि चिनी शेतकरी भाऊ, आणि ह्ये तिबेटी आमचे धाकटे भाऊ, आमी त्यांना सोडवलं. त्या भाषणाला ते "काई हुई" म्हणायचे. आमच्यातला एक घाटावरचा जवान रोज इचारायचा, आबा, काय हुई? मी म्हणायचो, कायबी नाय हुई, बस गपगुमान. अमालानं हे त्याला सांगितलं. तो आदी हसला, मंग म्हणाला, "तुम्हाला एक हिवाळा ऐकावं लागलं. मी आठ वर्षांचा असल्यापासून ऐकतोय." मी म्हणालो, म्हणून तर मी इसरलो आणि तुला पाठ झालं.

खालापूरला पोलिसात फुरबूची नोंद करायला गेलो. हवालदार कोंडाजी माज्या वळखीचा. त्यानं फुरबूचा प्रवासाचा कागद उलटापालटा केला. म्हणाला, "आबाजी, ह्यात देश चीन, आणि जात तिबेटी असं कायतरी हाय म्हणतोस. मी एकच लिवणार. त्याला इचार, ह्यो कोण?" अमालानं इचारलं. फुरबू दोन शब्द बोलला. एक तुमचा, "पोबा", म्हंजे तिबेटी. आणि त्याच्या आदी दुसरा, "चुंगकुओ". अमाला चटकन म्हणाली, "इसने तिबेटी बोला." यांगू, चुंगकुओ म्हंजे चीन, एवढं मला कैदेपासनं ठावं हाय. पोरगा दोन्ही बोलला होता, आईनं एकच सांगितलं. मी छताचा पंखा बघत बसलो. कोंडाजीनं कागदाला धरून चीन लिवलं आणि म्हणाला, "सायबासाठी लिवलंय. तोंडानं काय म्हणाला ते मी ऐकलंय." बाहेर येऊन आमी तिघांनी भजी खाल्ली.

आणि काल पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्डीचा पाला घालून, शेतात जाळ केला. येसूबाईनं मडकं उपडं केलं, शेंगा पसरल्या. फुरबूनं एक सोलली, दाणा हातात धरला, आणि म्हणाला, "सेन्मा." म्हंजे तुमच्याकडचा वाटाणा. अमाला म्हणाली, "ह्याच्या आजोबाच्या वावरात व्हायचा. ह्याला कुणी शिकवला नाही हा शब्द परत." मंग त्यानं एकापाठोपाठ एक शब्द काढले, गाढवाचा, वाऱ्याचा, शिंकण्याचा, आजीच्या दातांचा. चुकला की अमाला दुरुस्त करायची. येसूबाईला काय कळत नव्हतं, तरी ती पदरानं डोळे पुसून वर मला म्हणाली, धूर लय हाय.

आता दोघं जेवतात. भांडतात पण. पण जेवून भांडतात.

तुजा,
आबाजीकाका

०

गोठणगाव
१२ ऑगस्ट १९८४

ती. आबाजीकाका आणि येसूकाकू,

फुरबू फेब्रुवारीअखेर सुखरूप पोचला हे मागे कळवलंच होतं. आता पुढचं ऐका. हे पत्राने आलेलं नाही. ल्हासाहून काठमांडूला आलेल्या एका यात्रेकरू बाईने ते तोंडी आणलं आणि आमच्या घरी येऊन सांगितलं.

तो परतल्यावर त्याच्या कचेरीने सभा भरवली. सगळे ड्रायव्हर, कारकून, स्वयंपाकी बसवले. त्याला आधी सांगून ठेवलं होतं, की बाहेर गेलेल्या आपल्या बांधवांचे कसे हाल चालले आहेत आणि ते मायदेशी यायला कसे आसुसले आहेत, एवढं सांग. फुरबू उभा राहिला. त्याने आमच्या हालांचंही सांगितलं, रस्त्यावर बसून स्वेटर विकावे लागतात म्हणून. पण मग तो चौकच्या नाक्यावर अमाला गिऱ्हाइकांशी मराठीत कशी घासाघीस करते ते सांगू लागला. येसूकाकू डोक्यावर तीन हंडे कसे घेतात ते. पोपटी कशी लावतात ते. आणि म्हणाला, आमच्या वसाहतीच्या शाळेत मुलं आपल्या भाषेत धडे म्हणतात, माझ्या बहिणीने मलाही पहिल्या इयत्तेत बसवलं. लोक हसले. मग कुणीच हसेना, सगळे नुसते ऐकत राहिले. अध्यक्षांनी घड्याळ बघून सभा संपवली. आसुसल्याचं वाक्य राहूनच गेलं.

अमालाने त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारलं, त्याला काही त्रास झाला का? ती म्हणाली, थोडे दिवस लांबच्या रस्त्यावर पाठवलं, एवढंच. पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवसापासून तो गाडी धूत असला की एकेक जण जवळ येतो. काडेपेटी मागायच्या निमित्ताने येतो आणि हळूच विचारतो, तिकडे माझी बहीण आहे, दिसली का? माझा बाप? माझ्या मुलीला डाव्या भुवईवर व्रण आहे, भेटली का? फुरबूने त्यांची नावं, गावं सगळी त्या बाईकडून पाठ करून घेतली. तिने ती आमच्या अंगणात डोळे मिटून घडाघडा म्हटली. आता अमाला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते. ज्यांनी खडे मारले होते त्या पोरांच्या आयासुद्धा रोज येऊन बसतात, आमचंही एक नाव तिकडे पाठव म्हणून.

काका, तुम्ही सगळीकडे फिरता. स्वेटरवाले कुठे दिसले तर विचाराल? ग्यांत्से गावाजवळचा गोंपो आहे, फुरबूच्या कचेरीत स्वयंपाकी आहे. त्याची धाकटी बहीण छिमे. वय चाळिसाच्या आसपास, उंच, डाव्या हाताने काम करणारी.

तुमची,
यांगचेन

०

लोधिवली
९ डिसेंबर १९८४

चि. यांगू,

हे पत्र घाईनं लिहितोय, अमालाला आत्ताच वाचून दाखव. ती औंदा उशिरा येणार म्हणालीस, ते बरंच झालं, हे तिला तिथंच कळू दे.

दिवाळीपासनं जिथं स्वेटरची रांग दिसली तिथं मी टेंपो थांबवतोय. कल्याणला इचारलं, ठाण्याला इचारलं. लोक म्हणतात, ह्याला किती स्वेटर लागतात? परवा गवत टाकायला पुण्याला गेलो. रस्त्याच्या कडंला तुमची सात-आठ मंडळी बसलेली. मी एका टोकापासनं बघत आलो. एक उंच बाई गिऱ्हाइकाला स्वेटर घडी करून देत होती, डाव्या हातानं.

मी तिच्यासमोर बसलो. इचारलं, "ग्यांत्से?" ती म्हणाली, "हां, क्यों?" मी म्हणालो, "गोंपो?"

तिनं हातातला स्वेटर पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. मंग शेजारणीला तुमच्या भाषेत कायतरी म्हणाली, आणि दोघी माज्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, जिंदा है. खाना पकाता है. फुरबू ड्रायव्हर ने बोला. तिनं माजे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं एकच गोष्ट इचारली, हिंदीत, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. "मोटा हुआ क्या? बचपन में बहुत मोटा था."

आता मला काय ठावं तो मोटा झाला का. मी म्हणालो, बहुत मोटा. ती रस्त्यात बसून हसत राहिली, रडत राहिली, गिऱ्हाइकं उभीच.

तवा फुरबूला कसातरी निरोप धाड. छिमे पुण्यात हाय, दोन पोरं हायत, बरी हाय. आणि गोंपो खरंच मोटा हाय का ते आदी इचारून घे, नायतर ह्या बाईकडं मला तोंड दाखवता यायचं नाय. बाकीची नावं पण परत एकदा लिहून पाठव. येसूबाई म्हणते, पुढच्या खेपेला ती पण टेंपोत येणार, बायकांशी बायका बऱ्या बोलतात.

तुजा,
आबाजीकाका